मुराळी आला ऑटोमॅटिक गाडीतून

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी दात काढायला नको. चौतीस वर्षं मी जहाजांच्या इंजिनखोलीत काढली. तेलवाला म्हणून चढलो आणि फिटर म्हणून उतरलो. आणि तरीही डोंबिवलीहून आक्काला न्यायला निघालो तेव्हा माझ्या स्वतःच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल मला धड तपासता आलं नाही. जहाजावरच्या पोरांना कळलं तर हसून हसून आडवी होतील.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, सासर हेदवी, माहेर हर्णे. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊ-माखू घालणारी तीच. आमच्याकडे सासरी गेलेली लेक माहेरी जाते ती कोणीतरी न्यायला आलं म्हणजे. त्या न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात आणि तो बहुतेक भाऊच असतो. वडील होते तोवर तेच तिचे मुराळी झाले. चाळीस वर्षांपूर्वी ते गेल्यावर उरलो मी, आणि मी कायम पाण्यावर. दरवर्षी पत्रात लिहायचो, "गाडी घेतो आणि तुला न्यायला येतो." लिहायला काय जातंय!

आणखी एक गोष्ट आहे आणि ती लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही. वडील गेल्यावर हर्णेचं घर मी विकून टाकलं. आमचं जहाज परदेशी बंदरात उभं होतं, तिथून कागदावर सही करून पाठवली. आक्काची सही चुलत्यांनी जाऊन आणली. मी तिला तोंडाने एका शब्दाने विचारलं नाही. तीही कधी बोलली नाही. फोन केला की एवढंच विचारायची, "मग, मुराळी कधी होतोस?"

तिचा मुलगा दहादा म्हणाला असेल, गाडी करून देतो, जाऊन ये. आक्काचं उत्तर ठरलेलं, "भाड्याच्या गाडीतनं लेक माहेरी जात नाय." मग गेल्या दिवाळीनंतर तिच्या डोळ्यांचं निघालं. चिपळूणच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता नुसता उजेड आणि सावली कळते, तेवढंही किती टिकेल सांगता येत नाही. मी त्याच आठवड्यात गाडी शोधायला लागलो. हर्णेचा समुद्र आणि संध्याकाळचा मासळीचा लिलाव तिला एकदा, उजेड आहे तोवर, दाखवायचा होता.

माझा डावा गुडघा जहाजाच्या शिडीवरून पडून कामातून गेलेला, त्यामुळे क्लच दाबणं नशिबात नाही. म्हणून ऑटोमॅटिक, आणि तीही वापरलेली. पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांची बारा वर्षांची गाडी. मी गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. मला वाटलं, काय माणूस आहे, पाहुणा येणार म्हणून गाडीसुद्धा तापवून ठेवली! थंड गाडी स्वतः चालू करून बघावी, गिअर पडायला किती वेळ लागतो ते मोजावं, हे मला सुचलं नाही. गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढली ती इंजिन बंद ठेवूनच. तेल वरच्या खुणेपर्यंत. "फुल्ल आहे," मी तज्ज्ञासारखी मान हलवली.

डोंबिवलीत रोज सकाळी गिअरचा दांडा डीवर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर, टाकला की गाडी क्षणभर विचार करायची आणि मग हलायची. मी म्हणायचो, म्हातारी आहे, माझ्यासारखीच, उठायला वेळ लागतो.

कशेडी

माघाचे दिवस होते. पोलादपूरच्या पुढे हवा बदलली तसा मी काच खाली केली. आता कशेडीला बोगदा झालाय, पाच-दहा मिनिटांत पलीकडे. पण बोगद्यातून गेलं की घरी आल्यासारखं वाटत नाही. सुट्टीवर यायचो तेव्हा याच घाटाच्या वळणांवर छाती धडधडायला लागायची. म्हणून मी मुद्दाम जुना घाट धरला.

चढ झाला. उताराला लागलो आणि हाताने आपोआप दांडा न्यूट्रलला टाकला. इकडचा कुठलाही जुना गाडी चालवणारा हेच करतो. उतार लागला की न्यूट्रल, पेट्रोल वाचवा आणि देवाचं नाव घ्या. माझ्या वडिलांचा एक ट्रकवाला मित्र होता, त्याच्या शेजारी बसून मी ते शिकलो होतो. गाडी घरंगळत, सळसळत खाली उतरत होती. रानात कुठेतरी मोहर फुटला होता, त्याचा वास काचेतून आत येत होता. मी चक्क गुणगुणत होतो. वळणाला दांडा डीवर, सरळ उताराला पुन्हा न्यूट्रल. दर वेळी गाडी खालून एक हिसका द्यायची. मी म्हटलं, रस्ता खराब आहे.

खेड ओलांडलं आणि भोस्त्याचा लहानसा घाट लागला. तिथे गाडीने आपला स्वभाव दाखवला. पाय दाबतोय, इंजिन बोंबलतंय, आणि गाडी आपली बैलासारखी रेंगाळतेय. मागून कंपनीच्या बसचा हॉर्न. कशीबशी लोट्यापर्यंत आणली आणि चहाच्या टपरीसमोर ती उभीच राहिली. डीवर टाका, आरवर टाका, बाईसाहेब जागच्या हलेनात.

लोटे

पाळी सुटायची वेळ होती. कारखान्यांतून माणसं बाहेर पडत होती आणि कोकणात गाडी बंद पडली की माणूस थांबतोच. पाच मिनिटांत आठ-दहा जण गाडीभोवती.

"धक्का मारूया! काका, तुम्ही दुसरा गिअर टाकून बसा."

"अहो, दुसरा गिअर नाही यात. ऑटोमॅटिक आहे. आणि इंजिन चालूच आहे."

"इंजिन चालू हाय? मग बंद करा, धक्का मारून परत चालू करूया!"

तोवर एक पिकअपवाला दोरी घेऊन आला, म्हणाला खेडात नेऊन सोडतो. दोरी हुकाला अडकवली सुद्धा. इतक्यात पलीकडून पांढरी दाढी आणि तेलकट लेंगा असा एक माणूस हात नाचवत धावत आला.

"दोरी सोड! सोड म्हणतो ना! ऑटोमॅटिक हाय ती. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढलीस तर आतला सगळा माल भाजून निघेल!"

हे यासीनभाई. अठरा वर्षं मस्कतला गिअरबॉक्सच खोलत होते, आता लोट्यात पत्र्याखाली गॅरेज. ते दोनशे पावलांवरच होतं. त्यांनी दांडा न्यूट्रलवर ठेवायला लावला, आणि त्याच माणसांनी हळूहळू हाताने ढकलत गाडी तिथे नेली. धक्का मारायची हौस फिटल्यामुळे सगळे खूश होते.

यासीनभाईंनी आधी मला स्टुलावर बसवलं आणि डॉक्टरासारखी विचारपूस केली. सकाळी डीवर टाकल्यावर किती वेळाने हलते? हिसका कधीपासून? तेल कधी बघितलंत?

"बघितलं होतं. फुल्ल होतं."

"इंजिन चालू ठेवून?"

मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी गाडी ढकलवून सपाटीवर घेतली, इंजिन चालू ठेवलं, ब्रेक दाबून दांडा सावकाश एकेका खुणेवरून फिरवला, परत पार्किंगवर आणला आणि मग पट्टी काढली. तेल खालच्या खुणेलाही पोचत नव्हतं. "इंजिन बंद असलं की वरचं तेल खाली उतरून येतं, पट्टी खोटं बोलते," ते म्हणाले. पट्टी पांढऱ्या कागदावर पुसली. मला वाटलं होतं लाल डाग पडेल, पडला चहाच्या रंगाचा. वास घेतला तर करपलेल्या फोडणीसारखा.

"नवं तेल तांबडं असतं, कुंकवासारखं. हे बघा काय झालंय. पायपाच्या सांध्यातनं कधीचं थेंब थेंब गळतंय. आणि घाट कसा उतरलात?"

मी सांगितलं. यासीनभाईंनी कपाळावर हात मारला, कपाळाला काळा ठसा उमटला.

"ओ काका! तेलाचा पंप इंजिनवर फिरतो. न्यूट्रलला इंजिन झोपलेलं आणि चाकं धावतायत. आतल्या प्लेटींना तेल कोण पाजणार, तुमचा मेहुणा? उतरताना दांडा दोनवर, लईच उतार असला तर एलवर. इंजिनलाच गाडी धरू दे."

साहेबांची बोलणी खाऊन चौतीस वर्षं काढली होती, पण इतकी खरी बोलणी कधी खाल्ली नव्हती.

"माझी बहीण हेदवीला वाट बघतेय," मी म्हटलं. आणि मग चाळीस वर्षांचं सगळंच सांगून बसलो. का ते माहीत नाही. यासीनभाई गाडीखाली आडवे होते, नुसते पाय दिसत होते.

मग त्यांनी गिअरबॉक्सचा तळ खोलला आणि आतलं चुंबक माझ्यापुढे धरलं. त्यावर करड्या रंगाची पेस्ट होती. "बोटाने चोळा. खरखर लागते?" नाही लागली. "मग प्लेटी अजून जित्या हायत. लोखंडाचा कीस असता तर तुम्हाला इथनंच बसमध्ये बसवलं असतं."

बरोबर जातीचं तेल आणि ते गाळायची जाळी चिपळूणहून सकाळी येणार होती. मी आक्काला फोन लावला, "उद्या येतो गं." ती म्हणाली, "उद्या म्हणजे कुठला उद्या, बाळू?"

रात्री यासीनभाईंच्याच घरी जेवलो. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं सालन. डोंबिवलीत बांगडा मिळतो, पण तो बर्फातून आलेला, त्याला चव असते ती आठवणीची. जेवताना यासीनभाई म्हणाले, "मस्कतला गाड्या एकजात ऑटोमॅटिक, रस्ते आरशासारखे. आणि मला स्वप्नं पडायची ती परशुराम घाटातल्या खड्ड्यांची." दोघंही हसलो. मला जहाजावर पडायची ती स्वप्नं मी काही त्यांना सांगितली नाहीत.

सकाळी तेल आलं. गळका सांधा बदलला, जाळी बदलली, नवं तांबडं तेल भरलं. निघताना त्यांनी खिडकीत वाकून बजावलं, "डीवर टाकलं की लगेच पाय दाबू नका, गिअर धरल्याचं कळू दे. पुढनं मागं घेताना गाडी पुरती थांबवा. चढाला उभी केलीत तर आधी हातब्रेक, मग पार्किंग, नाहीतर सगळा भार एका लहानशा दातावर पडतो. आणि चढावर इंजिन ओरडलं तर दामटू नका, थांबा. भाजलेल्या प्लेटी हायत, मी काय पैगंबर नाय. जाल असं वाटतंय, एवढंच सांगतो."

हेदवी

दुपारी बाराला पोचलो. दशभुजा गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले, म्हटलं, बाबा, दहा हात आहेत, एक गिअरबॉक्सवर ठेव. आक्काच्या घराची पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट, म्हणजे नुसती शिडी. खाली चढावरच गाडी लावली. आधी हातब्रेक, मग पार्किंग.

आक्का ओटीवर बसली होती. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली, मांडीवर बोचकं. शेजारची सुमनवहिनी मला बघताच म्हणाली, "आलास बाबा! काल पण अशीच बसलेली, दुपारपासनं दिवेलागणीपर्यंत. पोरं चिडवत होती, म्हातारीला नवरी केलीय म्हणून."

मी पायाला हात लावला. आक्काने माझं तोंड चाचपलं, कान ओढला. "मेल्या, टक्कल पडलं तुला! मना कोणी सांगितलं नाय!"

आमच्यात मुराळ्याला आधी जेवायला वाढतात. कुळथाची पिठी, भात, सुक्या जवळ्याची चटणी. मला घड्याळ दिसत होतं, पण आक्का पुढे बसून वाढत होती, आणि तिच्या हातचं जेवण मी सुट्टी सुट्टीने मोजून खाल्लंय आयुष्यभर. मी दोनदा भात घेतला.

निघताना तिने सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "येतंय गो! माहेरी जातंय!"

दाभोळची चढण

धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवली. खाडीचा वारा लागला तशी आक्का सरळ बसली. "आपण पाण्यावर हाव ना रे? तू असाच असायचास ना, आयुष्यभर?" मी म्हटलं, असाच, पण किनारा दिसत नसायचा. ती माझ्या मनगटावर हात ठेवून बसली.

दाभोळला उतरलो की लगेच उभा चढ. चार वाजून गेले होते. लिलाव उन्हं उतरेपर्यंत चालतो आणि दापोलीवरून हर्णे गाठायला तासाच्या वर लागणार. मी पाय दाबला. अर्ध्या चढात आक्का एकदम म्हणाली, "थांब."

"काय झालं? मळमळतंय?"

"आवाज वाढतोय, पण आपण जात नाय."

माझ्या कानांनी आयुष्यभर इंजिनं ऐकली, आणि हे मला तिने सांगावं! पण खरं होतं. काटा वर चालला होता आणि गाडी मागे पडत होती. तरी मी म्हटलं, "थोडंच राहिलंय, दामटतो. नाहीतर लिलाव चुकेल."

"बाळू, थांब म्हणतंय ना. दमलेल्याला दामटायचं नाय."

थांबलो. एका काजूखाली गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. तेल थंड होईतो पाऊण तास तरी बसायला हवं होतं. ऊन एकेका फांदीवरून उतरत होतं आणि मी रडायच्या बेताला आलो होतो. चाळीस वर्षांनी आणलं आणि पाऊण तासाने चुकवणार!

आक्काने बोचक्यातून एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. मग समोर बघत, म्हणजे तिला जिथे उजेड कळत होता तिकडे बघत, म्हणाली, "घराचं तू मना विचारलं नायस."

मी लाडू तसाच धरून बसलो.

"मी नको म्हटलं नसतं रे. कोण राहणार होतं तिथं? पण विचारायचं होतंस. सही न्यायला काका आले नि मना वाटलं, आता मी कोणाची लेक?"

"चुकलं आक्का," मी म्हटलं. "तेव्हाच कळलं होतं चुकलं ते. तोंड दाखवायची लाज वाटायची म्हणून सुट्टीत पण हर्णेचं नाव काढलं नाही. तुला न्यायचं म्हणजे नेणार कुठे?"

"खा तो लाडू," ती म्हणाली. "हाताच्या घामाने मऊ होईल."

पाऊण तासाने गाडी चालू केली. दांडा दोनवर, पाय हलका. यावेळी इंजिन ओरडलं नाही. चढ संपेपर्यंत आम्ही दोघंही श्वास धरून होतो.

हर्णे

पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता आणि लिलाव संपला होता. ओली वाळू, बर्फाचा चुरा, टोपल्या धुणाऱ्या दोन-चार बायका. मी गाडी कडक वाळूपर्यंत नेली, समुद्राकडे तोंड करून लावली आणि आक्काच्या बाजूचं दार उघडलं. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

"संपला ना?" ती म्हणाली. "आवाज नाय."

"संपला."

तिने पाय बाहेर काढून वाळूवर टेकवले. दोन्ही तळवे रुतवले, मागेपुढे घासले. सूर्य तेवढा तिला दिसत होता, तांबडा डाग म्हणून. त्याच्याकडे ती डोळे न मिटता बघत राहिली.

टोपली धुणारी एक बाई हात पुसत आली. हर्णेत नवं माणूस दिसलं की विचारतात तेच तिने विचारलं, "कोणाकडं आलात गो?"

कोणाचं नाव सांगणार? घर होतं तिथे आता कोणाचं तरी लॉज आहे.

आक्काने बसल्या जागी गाडीच्या सीटवर दोनदा हात थोपटला. "भावाकडं आलंय," ती म्हणाली. "माहेरपणाला."

त्या बाईने एकदा आक्काकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मागे गेली आणि उरलेल्या मालातून दोन पापलेटं उचलून आणली, आक्काच्या हातांत दिली. "माहेरवाशिणीला रिकाम्या हाती कोण धाडतं?"

तीन दिवस राहिलो. त्याच लॉजवर, मुद्दाम. रोज संध्याकाळी लिलाव ऐकला. आक्का भाव ऐकून नाक मुरडायची.

आक्काला हेदवीला पोचवून येताना लोट्यात यासीनभाईंनी तेल पुन्हा काढून नवं भरलं, म्हणजे आत उरलेलं जळकं पातळ व्हावं. दांडगाईने धुऊन काढू नका म्हणाले, जुन्या गाडीला ते सोसत नाही. त्याला आता बरेच महिने झाले. आक्काच्या डोळ्यांतला उजेड पावसाळ्याआधीच गेला. दर रविवारी सकाळी मी गाडी सपाटीवर घेतो, इंजिन चालू ठेवून दांडा सावकाश फिरवतो, पट्टी पांढऱ्या कागदावर पुसतो आणि मग तिला फोन लावतो.

"तांबडं हाय ना रे?" ती विचारते.

"तांबडं आहे, आक्का."

"नीट बघितलंस? माझे तर गेले. तू नीट बघ. मना माघात न्यायला यायचंय तुला."